गोव्याचे जुने बंदर आणि मालागा : इब्न बतूताच्या वाटेने एक स्थळदर्शन

प्रस्तावना

जानेवारी २०२३ पासून पेडणे तालुक्यातील मोपा येथील विमानतळ प्रवाशांसाठी खुला झाला. तेव्हापासून गोव्यात येणाऱ्या पाहुण्यांपैकी पुष्कळांचे पहिले पाऊल पेडण्याच्या जांभ्या मातीवर पडते. हे पाहुणे समुद्रकिनारा पाहतात आणि एक दिवस जुने गोवे पाहण्यासाठी राखून ठेवतात. तेथील स्थळदर्शनाचा क्रम ठरलेला आहे. बॉं जेझुस बासिलिका, समोरचे से कॅथेड्रल, सेंट कॅजेतान, व्हाईसरॉयची कमान आणि वेळ उरला तर सेंट ऑगस्टीनचा मनोरा. युनेस्कोने १९८६ मध्ये या वास्तूंना जागतिक वारशाचा दर्जा दिला. तो सर्वस्वी योग्यच आहे.

परंतु जुने गोवे हे चर्चचे शहर होण्यापूर्वी बंदर होते, आणि चर्चचे शहर झाल्यावरही ते बंदरच राहिले. बंदराची गोष्ट १५१० मध्ये सुरू होत नाही. प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी डिचोली व पेडणे तालुक्यातील विद्यार्थ्यांची एक लहानशी अभ्याससहल या भागात नेली होती. चर्च पाहून झाल्यावर नदीकाठी बसलो असता एका मुलीने विचारले, "सर, पोर्तुगीजांनी हे शहर मुसलमानांकडून घेतले असे पाटीवर लिहिले आहे. मग त्यांचे काय राहिले?" त्या वेळी आम्ही दिलेले उत्तर फारच त्रोटक होते. हा लेख त्या उत्तराची दुरुस्ती आहे.

यासाठी एका जुन्या प्रवाशाची सोबत घ्यावी असे वाटते. मोरोक्कोतील तांजीर येथे १३०४ मध्ये जन्मलेला इब्न बतूता हा गोव्याचे बंदर आणि स्पेनमधील मालागा हे बंदर, दोन्ही प्रत्यक्ष पाहून त्यांची वर्णने ठेवून गेलेला प्रवासी आहे. गोवा त्याने १३४२ च्या सुमारास पाहिला, मालागा १३५० मध्ये. पुढे ही दोन्ही बंदरे आयबेरियन ख्रिस्ती राजसत्तांच्या हाती पडली. मालागा १४८७ मध्ये, गोवा १५१० मध्ये. दोन्ही घटनांत अवघे तेवीस वर्षांचे अंतर आहे. म्हणजे मालागाच्या वेढ्याच्या गोष्टी ऐकत लहानाची मोठी झालेली पिढीच मांडवीत उतरली, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

गोपकपट्टण : झुआरीच्या काठचे पहिले बंदर

ज्याला आज जुने गोवे म्हणतात ते एळा गावातील शहर, मांडवीच्या काठी. त्याहून जुने बंदर झुआरीच्या काठी, आजच्या गोवा वेल्हा परिसरात होते. पोर्तुगीज भाषेत 'वेल्हा' म्हणजे जुने. त्यामुळे 'जुने गोवे' आणि 'गोवा वेल्हा' ही दोन नावे एकाच अर्थाची असूनही दोन निराळ्या गावांना लागली. पर्यटकच काय, अभ्यासकही येथे घोटाळ्यात पडतात. कदंब राजांचे गोपकपट्टण ते हेच. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तेथील किनाऱ्यावर जांभ्या दगडाच्या भिंतीचे अवशेष नोंदवले आहेत. ओहोटीच्या वेळी गेल्यास भिंतीचे काही थर दिसतात. जवळच्या पिलारच्या टेकडीवरील संग्रहालयात कदंबकालीन वस्तू जपून ठेवलेल्या आहेत. राष्ट्रीय महामार्ग या गावातूनच जातो, परंतु गाड्या थांबत नाहीत.

या बंदरातील मुसलमानांविषयीचा सर्वांत भरवशाचा पुरावा कदंब राजा पहिला जयकेशी याच्या काळातील ताम्रपटांतून मिळतो. जॉर्ज मोराईश यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'कदंब कुळ' या ग्रंथात त्याची सविस्तर चर्चा केली आहे. कथा अशी की, जयकेशीचा पूर्वज गुहल्लदेव सोमनाथाच्या यात्रेला गलबताने निघाला असता वाटेत डोलकाठी मोडली आणि त्याला जवळच्या बंदराचा आश्रय घ्यावा लागला. तेथे मदुमद नावाच्या ताजिक, म्हणजे अरब, व्यापाऱ्याने त्याला साहाय्य केले. मदुमद हे मुहम्मदचे रूप उघड आहे. त्याचा मुलगा अलियम, म्हणजे अली, आणि त्याचा मुलगा छडम. हा छडम जयकेशीच्या कारभारात मोठ्या अधिकारपदावर होता. त्याने बांधलेल्या मशिदीसाठी ताम्रपटात 'मिजिगिति' असा शब्द येतो आणि तिच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या गलबतांवर कर लावण्याची मुभा राजाने १०५३ मध्ये दिली होती. गलबते कोठून येत, याचीही यादी आहे. गुर्जर, सौराष्ट्र, लाट, केरळ, सिंहल अशी नावे तीत आढळतात.

या नोंदीकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. सोमनाथाच्या यात्रेला निघालेला शैव राजा, त्याला वाचवणारा अरब व्यापारी आणि त्याच्या नातवाच्या मशिदीला राजाने दिलेला जकातीचा आधार, हे सारे एका कथेत येते. मशिदीचा खर्च गावकऱ्यांच्या शेतसाऱ्यातून नव्हे, तर जहाजांवरील करातून चालावा, ही योजनाही बंदराला साजेशी आहे. ज्यांच्यामुळे मशीद उभी राहिली त्यांनीच तिचा भार उचलावा, असा हा व्यवहार आहे.

असा प्रकार गोव्यातच घडला असेही नाही. पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे सापडलेल्या राष्ट्रकूटकालीन ताम्रपटात (इ.स. ९२६) संजाण मंडळाचा अधिकारी म्हणून मधुमती नावाच्या ताजिकाचा उल्लेख आहे. हेही मुहम्मदचेच रूप. त्याच्या कारकिर्दीत देवीच्या मठाला दान दिले गेले. एका ठिकाणी मुसलमान अधिकाऱ्याच्या संमतीने देवीचा मठ चालतो, दुसरीकडे शैव राजाच्या आज्ञेने मशीद चालते. कोकणच्या किनाऱ्यावरील दहाव्या-अकराव्या शतकाचे चित्र या दोन पत्र्यांवर उभे आहे. यावरून फार मोठे सिद्धान्त काढण्याचा मोह टाळावा. राजाला बंदराचे उत्पन्न हवे होते आणि व्यापाऱ्याला सुरक्षितता हवी होती. तेवढ्या कारणाने माणसे एकमेकांशी नीट वागली, हेही काही थोडे नाही.

छडमची मशीद नेमकी कोठे होती ती जागा आज दाखवता येत नाही. त्या मुलीला देण्याच्या उत्तराचा पहिला भाग असा आहे की, सर्वांत जुनी गोष्ट धातूच्या पत्र्यावर राहिली, दगडावर राहिली नाही.

बतूताचे सिंदाबूर

अरब दर्यावर्दी गोव्याला सिंदाबूर म्हणत. बतूताने लिहिले आहे की हे बेट असून त्यात छत्तीस गावे आहेत, भोवती खाडी आहे, आणि खाडीचे पाणी ओहोटीला गोड व भरतीला खारट होते. तिसवाडीत राहणाऱ्या कोणालाही हे वर्णन ओळखू येईल. बेटावर दोन शहरे होती, एक जुने हिंदूंनी वसवलेले आणि दुसरे मुसलमानांनी पहिल्यांदा हे बेट जिंकल्यावर बांधलेले. दुसऱ्या शहरात बगदादच्या मशिदींसारखी मोठी जामा मशीद होती. ती होनावरचा सुलतान जमालुद्दीन याचा पिता नाखुदा हसन याने बांधली होती.

नाखुदा म्हणजे जहाजाचा धनी. आजही रत्नागिरी-सिंधुदुर्गपासून मुंबईपर्यंत 'नाखवा' हा शब्द कोळ्यांच्या तोंडी आहे. सारंग हा शब्द फारशीतून आला, खलाशी अरबीतून. ऋतू या अर्थाचा अरबी 'मौसिम' आमच्याकडे मोसम झाला, पोर्तुगिजांकडे 'मोंसांव' झाला आणि तेथून इंग्रजीत गेला. जकातघराला पोर्तुगीज 'अल्फांदेगा' म्हणतात, तोही मूळचा अरबी 'फुंदुक'. म्हणजे मांडवीच्या धक्क्यावर पोर्तुगिजांनी जे जकातघर चालवले, त्याचे नाव ते लिस्बनहून घेऊन आले खरे, पण त्यांच्याकडे ते मुसलमानांच्याच राज्यातून आले होते.

बतूता सिंदाबूरला निव्वळ प्रवासी म्हणून आला नाही, ही बाब पुष्कळदा वगळली जाते. जमालुद्दीनने बावन्न जहाजांचा काफिला घेऊन या बेटावर स्वारी केली, आणि बतूता तीत सामील होता. सिंदाबूरच्या राजाचे आपल्या मुलाशी भांडण झाले होते आणि मुलानेच जमालुद्दीनला बोलावले होते. शहरातून मंजनिकांनी दगडांचा मारा होत असता बतूता ढाल-तलवार घेऊन पाण्यात उतरला, असे तो सांगतो. मागच्या बाजूने उघडी असलेली दोन जहाजे होती. त्यांत स्वार घोड्यावर बसूनच चिलखत चढवीत आणि घोड्यासह थेट किनाऱ्यावर उतरत. युद्धनौकांच्या इतिहासासाठी हे वर्णन मोलाचे आहे. शहर जिंकले गेले. बतूता तेथे काही महिने राहिला. नंतर तो पुन्हा आला तेव्हा पूर्वीच्या राजाने शहराला वेढा घातला होता. मुक्काम अवघड झाल्यावर बतूता शहर सोडून कालिकतच्या दिशेने निघून गेला.

या प्रसंगाला धर्मयुद्धाचा रंग देण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यावी. बतूताच्याच म्हणण्याप्रमाणे जमालुद्दीन स्वतः एका हिंदू राजाचा मांडलिक होता. त्याला बोलावणारा राजपुत्र हिंदू होता. बतूता स्वतः 'जिहाद' हा शब्द वापरतो, आणि तो प्रामाणिकपणेच वापरत असावा. पण हसन नाखुदाच्या मुलाला त्या बंदराची जकात नको होती असे मानणे कठीण आहे. आमच्या काही लेखकांना हा प्रसंग अभिमानाचा वाटतो, काहींना अडचणीचा. प्रस्तुत लेखकाला तो दोन बंदरांच्या स्पर्धेचा वाटतो.

त्याच शतकात बहमनी अमलाखाली दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराचे मंदिर उद्ध्वस्त झाले हेही येथे नमूद केले पाहिजे. विजयनगरचा माधव मंत्री याने शतकाच्या अखेरीस त्याची पुनःस्थापना केली. पुढे १५४० मध्ये पोर्तुगिजांनी ते पाडले. मूर्तिपूजकांचे देऊळ पाडणारे हात नेहमी एकाच धर्माचे नव्हते, हे सांगताना आपल्या बाजूचा हात खिशात घालून ठेवणे इतिहासाला मानवत नाही.

मालागा : तेच डोळे, दुसरे बंदर

सिंदाबूर सोडल्यानंतर काही वर्षांनी बतूता मायदेशी परतला आणि १३५० मध्ये जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडून अंदलुसमध्ये गेला. कॅस्टिलचा राजा अकरावा अल्फोन्सो जिब्राल्टरला वेढा घालून बसला होता, तो त्याच वर्षी प्लेगने मरण पावला होता. त्यामुळे वाट मोकळी झाली होती. रोंदा, मार्बेया असे करीत तो मालागाला पोहोचला.

येथे तो लढवय्या नाही, निवांत पाहुणा आहे. एका लहान दिरहमला आठ रतल द्राक्षे विकली जात असल्याचे त्याने बाजारात पाहिले. तेथील डाळिंबांना जोड नाही, अंजीर व बदाम पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या देशांत पाठवले जातात, सोनेरी झिलईची मातीची भांडी येथे बनतात व दूर देशी जातात, असे तो लिहितो. जामा मशिदीच्या अंगणात नारिंगांची उंच झाडे होती, त्यांचेही कौतुक त्याने केले आहे. ग्रानाडात त्याची भेट इब्न जुज़ैय या तरुण लेखकाशी झाली. पुढे फेझ येथे याच लेखकाने बतूताच्या तोंडून ऐकून सारा प्रवासवृत्तान्त लिहून काढला. तो १३५५ मध्ये पूर्ण झाला. म्हणजे सिंदाबूरच्या खाडीचे वर्णन कागदावर उतरवणारा हात ग्रानाडाचा होता.

मालागाचा वेढा १४८७ मध्ये इसाबेला आणि फर्नांदो यांनी घातला. शहर शरण आले तेव्हा बहुतेक रहिवाशांना गुलाम करण्यात आले. जामा मशिदीचे चर्च झाले आणि त्या जागी १५२८ पासून आजचे कॅथेड्रल उभारले जाऊ लागले. त्याचे दोन मनोरे व्हायचे होते. १७८२ मध्ये काम थांबले आणि एकच पुरा झाला. म्हणून मालागाचे लोक त्याला लाडाने 'एका हाताची बाई' म्हणतात.

जुन्या गोव्याचे से कॅथेड्रल पाहिलेल्याला येथे थबकायला होते. तेही एकाच मनोऱ्याचे आहे. १५६२ मध्ये सुरू होऊन १६१९ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीला दोन मनोरे होते. त्यांतला एक १७७६ मध्ये कोसळला, तो पुन्हा बांधला गेला नाही. मालागाचा मनोरा पैशाअभावी झाला नाही, गोव्याचा पडला तो उभारण्याची ऐपत उरली नाही. दोन्ही कारणे शेवटी तिजोरीपाशीच येतात.

मालागा प्रस्तुत लेखकाने प्रत्यक्ष पाहिलेले नाही. छायाचित्रांवरून आणि वाचनावरून जे कळले ते लिहीत आहे. तेथे जाऊन आलेल्यांनी चुका दाखवल्यास आनंदच होईल. परंतु एका वास्तूचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. तेथील मुख्य बाजार 'अतारासानास' नावाने ओळखला जातो. हा शब्द अरबी 'दार अस्सिनाआ', म्हणजे जहाजे बांधण्याचा कारखाना, यापासून आला. हा कारखाना नासिरी राजांनी बांधला होता. समुद्र मागे हटला, कारखाना पडला. एकोणिसाव्या शतकात त्या जागी लोखंडी छताची मंडई झाली. तेव्हा चौदाव्या शतकातील एक संगमरवरी कमान तेवढी शिल्लक ठेवून ती मंडईचे प्रवेशद्वार केली. तिच्यावर नासिरी राजांचे बोधवाक्य अरबीत कोरलेले आहे; अल्लाहवाचून कोणी विजेता नाही, असा त्याचा आशय. आज लोक त्या कमानीखालून मासळी आणि ऑलिव्ह घ्यायला जातात.

एक दरवाजा येथेही आहे

जुन्या गोव्यात सेंट कॅजेतान चर्चच्या परिसरात काळ्या दगडाचा एक एकाकी दरवाजा उभा आहे. दोन कोरीव खांब, वर आडवी शिळा, बाजूला जाळीचे अवशेष, आणि चार-सहा पायऱ्या. दरवाजाच्या मागे काहीच नाही. आदिलशाही वाड्याचा दरवाजा म्हणून तो ओळखला जातो. १५५४ पासून व्हाईसरॉय या वाड्यात राहू लागले आणि १६९५ च्या सुमारास शहरातील रोगराईला कंटाळून पणेलीला गेले. पुढे १७५९ मध्ये त्यांनी मुक्काम पणजीला हलवला, तोही आदिलशाहीच्याच एका वाड्यात. पणजीचा हा वाडा नंतर सचिवालय म्हणून वापरला गेला. म्हणजे शहरे बदलली तरी पोर्तुगीज सत्तेने डोक्यावर छप्पर घेतले ते बऱ्याच अंशी विजापूरकरांचे.

सहलीतील मुलांना हा दरवाजा दाखवला तेव्हा त्यांची निराशा झाली. "एवढेच?" असा प्रश्न आला. खांबांच्या कोरीव कामावरून हा दगड मूळचा एखाद्या मंदिराचा असावा असे काही अभ्यासक म्हणतात, हे ऐकल्यावर मात्र मुले पुन्हा जवळ गेली आणि नक्षीवरून बोट फिरवू लागली. मंदिराचा दगड, सुलतानाचा दरवाजा, व्हाईसरॉयचा उंबरठा. तीन राजवटी एकाच चौकटीत बसलेल्या पाहायच्या असतील तर बासिलिकेच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी पाच मिनिटे येथे यावे.

तेथून जवळच सेंट कॅथरीनचे लहान चर्च आहे. २५ नोव्हेंबर १५१० रोजी, सेंट कॅथरीनच्या दिवशी, अफोन्सो द आल्बुकेर्क ज्या दरवाजातून शहरात शिरला ती ही जागा, असा १५५० चा कोरीव लेख येथे आहे. त्याच वर्षी त्याने एकदा शहर घेतले होते, पण आदिलशाही सैन्याने मे महिन्यात ते परत मिळवले. नोव्हेंबरातील विजयानंतर काय घडले ते आल्बुकेर्कने स्वतःच २२ डिसेंबर १५१० च्या पत्रात राजा मानुएलला कळवले आहे. चार दिवस कत्तल चालली, सापडलेल्या एकाही मुसलमानाला जिवंत सोडले नाही, मृतांची संख्या सहा हजार भरली, असा त्या पत्राचा मजकूर आहे. शेतकरी आणि ब्राह्मण यांना मारू नये असा आपण हुकूम दिला होता, असेही तो लिहितो. विजेत्याने आपल्या राजाला पाठवलेल्या पत्रात आकडा फुगवलेला असू शकतो. तो निम्मा धरला तरी दगडावरील लेखात त्याला जागा नाही. दगडावर फक्त दरवाजा आणि तारीख आहे. आल्बुकेर्कला मदत करणारा तिमय्या हिंदू होता, आणि शहराचा कारभार त्या काळी अनेक हिंदूंना नकोसा झाला होता, हेही त्याच वेळी विद्यार्थ्यांना सांगावे लागते. पन्नास वर्षांनी, १५६० मध्ये, याच शहरात इन्क्विझिशनची स्थापना झाली आणि ते न्यायासन मधला थोडा खंड सोडल्यास १८१२ पर्यंत चालले. तेव्हा त्याच्या कचाट्यात प्रामुख्याने नवख्रिस्ती आणि हिंदू सापडले.

भारतीय पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय जवळच्या फ्रान्सिस्कन मठात आहे. वरच्या मजल्यावरील गव्हर्नरांच्या तसबिरींची दालने लोक आवडीने पाहतात. खाली कदंबकालीन वीरगळ आहेत, त्यांवर लढाऊ गलबते कोरलेली दिसतात. वल्ही मारणारे, धनुष्य ताणलेले वीर. ती गलबते बघितल्यावर छडमच्या ताम्रपटातील जहाजे डोळ्यांसमोर येतात.

डिचोलीचा नमाजगाह आणि शहजादा

आता नदी ओलांडून आपल्या बाजूला येऊ. जुन्या गोव्याहून फेरीने दिवाडी, दिवाडीहून दुसऱ्या फेरीने नार्वे, आणि तेथून डिचोली. बसने पुलावरून जाणे सोयीचे असले तरी बंदराचा इतिहास समजून घेणाऱ्याने एकदा तरी ही वाट धरावी. नार्वे येथे शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार करवलेले सप्तकोटेश्वराचे मंदिर आहे. दिवाडीहून नदी ओलांडून आणलेला देव तो हाच. नदीच्या एका तीरावर छळ आणि दुसऱ्या तीरावर आसरा, अशी त्या काळची भूमिती होती. कारण मांडवीच्या उत्तरेचा डिचोली-पेडण्याचा मुलूख पोर्तुगिजांच्या ताब्यात नव्हता. आधी आदिलशाही, मग मराठे व सावंतवाडीचे भोसले. पोर्तुगिजांना डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये मिळाले.

डिचोली गावाजवळच्या टेकडीवर नमाजगाह आहे. उघड्या आकाशाखाली ईदची नमाज पढण्यासाठी बांधलेली ही भिंत राज्य पुरातत्त्व खात्याची संरक्षित वास्तू आहे. औरंगजेबाचा बंडखोर पुत्र शहजादा अकबर याने ती बांधली अशी परंपरा आहे. बापाविरुद्ध १६८१ मध्ये उठलेला हा शहजादा दुर्गादास राठोडासह दक्षिणेत संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. १६८३ मध्ये तो बांदा, डिचोली या भागात होता आणि समुद्रमार्गे निघून जाण्यासाठी जहाजाच्या शोधात होता, हे पोर्तुगीज दप्तरांतून कळते. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी 'पोर्तुगेज-मराठे संबंध' या ग्रंथात या काळाचे कागद मराठी वाचकांपुढे मांडले आहेत.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये व्हाईसरॉय कोंद द आल्व्होरने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला आणि तो फसला. लगेच संभाजी महाराजांच्या सैन्याने जुवे बेट घेतले. जुव्याहून जुने गोवे हाकेच्या अंतरावर. शहर जाते की राहते असा तो प्रसंग होता. मुघल फौजा कोकणाकडे आल्यामुळे महाराजांना परतावे लागले. त्यानंतर मराठे आणि पोर्तुगीज यांच्यात जी बोलणी झाली त्यांत मध्यस्थ म्हणून अकबराचेही नाव येते. मुघल शहजादा, मराठा छत्रपती आणि पोर्तुगीज व्हाईसरॉय यांच्यातील बोलणी! आजच्या पाठ्यपुस्तकांतील रकाने येथे अपुरे पडतात. अकबर अखेर १६८७ मध्ये जहाजाने इराणकडे निघून गेला आणि परत आला नाही.

नमाजगाह अकबरानेच बांधला याला परंपरेचा आधार आहे. तो तेथे होता याला दप्तराचा आहे. या दोन आधारांत फरक करणे आवश्यक आहे. अशी सावधगिरी फोंड्याच्या साफा मशिदीबाबतही हवी. ती १५६० मध्ये इब्राहिम आदिलशहाने बांधली असे सर्वत्र छापलेले आढळते, परंतु पहिला इब्राहिम आदिलशहा १५५८ मध्येच वारला आणि १५६० मध्ये गादीवर अली आदिलशहा होता. वर्ष तरी चुकले आहे किंवा नाव तरी. पर्यटन पुस्तिकांतून ही चूक पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली आहे, आणि आमच्याही काही स्मरणिकांतून ती तशीच छापली गेली.

डिचोली तालुक्यातच मांडवीकाठी सुर्ल गावात तार नावाच्या ठिकाणी आणखी एक जुनी संरक्षित मशीद आहे. 'तार' म्हणजे होडीने नदी ओलांडण्याची जागा. बंदरातून माल उतरायचा तो अशा तारींवरून आतल्या मुलखात जाई. जेथे तार तेथे व्यापारी, आणि जेथे व्यापारी तेथे नमाजेची जागा. छडमच्या मशिदीचा आणि या मशिदीचा थेट संबंध जोडण्याचे कारण नाही, पण दोन्हींमागचे गणित एकच आहे.

पेडण्याकडे अशी मोठी वास्तू नाही. तेरेखोलचा किल्ला सावंतवाडीकर खेम सावंतांनी बांधला, तो १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला. त्याच मोहिमेत हळर्णचा किल्लाही पडला आणि त्याबद्दल व्हाईसरॉय पेद्रो मिगेल द आल्मेदा यास पुढे 'मार्केझ द आलोर्न' हा किताब मिळाला. हळर्णचे आलोर्न झाले. त्याच घराण्यातील कवयित्री 'मार्केझा द आलोर्न' पोर्तुगालमध्ये प्रसिद्ध आहे. तेथील शाळकरी मुलांना ते नाव ठाऊक असते, पण ते पेडणे तालुक्यातील एका खेड्याचे आहे हे ठाऊक असणारे थोडे. शापोरा नदीच्या पलीकडच्या, बार्देशच्या तीरावरचा शापोरा किल्ला मूळच्या 'शहापूर' या आदिलशाही नावाची खूण सांगतो. मोरजीच्या वाळूत उभे राहिले की तो समोर दिसतो. आमच्या सहलीत तोच तेवढा मुलांना आधीपासून माहीत होता, आणि तोही एका हिंदी चित्रपटामुळे.

बंदर का ओसरले

जुने गोवे कोणी जिंकून ओसाड केले नाही. साथीच्या रोगांनी माणसे नेली, डच आणि इंग्रज यांनी व्यापार नेला. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली तोवर जुन्या शहरातील घरांचे दगडही नवीन बांधकामांसाठी निघाले होते. १८३४ मध्ये धार्मिक संघ बंद झाले. सेंट ऑगस्टीनचे छत १८४२ मध्ये कोसळले आणि दर्शनी भाग १९३१ मध्ये. आज उभा आहे तो सुमारे ४६ मीटर उंचीचा अर्धा मनोरा. व्हाईसरॉयची कमानही १९४८ मध्ये पडली होती, १९५४ मध्ये ती पुन्हा उभारली.

स्पेनमध्ये सेव्हिलचे असेच झाले. तेही नदीवरचे, आत शिरलेले बंदर. अमेरिकेच्या व्यापाराचे कार्यालय १५०३ पासून तेथे होते. ग्वादलकिवीर नदी गाळाने भरत गेली, जहाजे मोठी होत गेली, आणि १७१७ मध्ये कार्यालय समुद्रकाठच्या कादिझला हलवावे लागले. या नदीच्या नावातही अरबी आहे, 'वादी अल्कबीर', मोठी नदी. सेव्हिलच्या कॅथेड्रलचा घंटामनोरा हा मुळात अल्मोहादांनी ११९८ मध्ये पुरा केलेला मशिदीचा मिनार. तो पाडला नाही, त्यावर घंटा चढवल्या. जुन्या गोव्यात असा मिनार राखला गेला नाही. कारण कोणते, हा प्रश्न पुढच्या सहलीत त्याच मुलीच्या धाकट्या भावाने विचारला. सेव्हिल शरण आले, करार करून रिकामे झाले आणि राजाने त्यात आपले घर केले. गोवे हल्ल्यात पडले, त्यात रहिवासी मारले गेले आणि पुढची अनेक वर्षे विजापूरच्या फौजा परत येण्याची भीती होती, असे उत्तर आम्ही दिले. त्याने ते वहीत लिहून घेतले आणि नंतर विचारले, नारिंगाची झाडे इथे होती का. त्याला बतूताने सिंदाबूरबद्दल लिहिलेले तेवढेच सांगितले: छत्तीस गावे, दोन शहरे, एक मशीद, आणि ओहोटीला गोड होणारे पाणी.